गिअर कॉन्टॅक्ट थरथरतोय? आधी डॅम्पिंगवरचा हात काढा

संगणकावरच्या गिअर सिम्युलेशनमध्ये कॉन्टॅक्ट फोर्सच्या, म्हणजे दातांमधल्या बलाच्या, आलेखात काटे दिसले की नवशिक्यांचा हात थेट डॅम्पिंगकडे (थरथर शमवणाऱ्या आकड्याकडे) जातो. दहाचे शंभर, शंभराचे हजार. रेघ गुळगुळीत होते, रिपोर्टात जाऊन बसते आणि चूक आत तशीच राहते.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक स्टिफनेसची, म्हणजे कॉन्टॅक्टच्या ताठपणाची. दात जितका रुततो त्या खोलीचा ठरलेला घात काढून त्याला स्टिफनेसने गुणलं की फोर्स मिळतो. कुठल्यातरी जुन्या मॉडेलमधला १,००,००० आणि घातांक २.२ जसाच्या तसा उचललेला असतो. घातांक १ नसला की हा आकडा न्यूटन प्रति मिमी राहत नाही, याकडे कुणी बघतच नाही. हिशेब करून पाहा. मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) २, दाते २०, प्रेशर अँगल (दातावरच्या बलाचा कोन) २० अंश, म्हणजे बेस सर्कलची (ज्या वर्तुळावरून दाताचा वक्र काढतात त्याची) त्रिज्या १८.८ मिमी. पिनियनवर (जोडीतल्या लहान गिअरवर) १० न्यूटन-मीटर टॉर्क असेल तर दातावर साधारण ५३० न्यूटन येतात. वरच्या आकड्यांनी एवढा फोर्स मिळायला दात ०.०९ मिमी रुतावा लागतो! आयएसओ ६३३६ या गिअरच्या हिशेबाच्या मानकात पोलादी गिअरचा मेश स्टिफनेस (जुळलेल्या दातांचा ताठपणा) रुंदीच्या दर मिमीला २० न्यूटन प्रति मायक्रॉनच्या आसपास धरतात. रुंदी २० मिमी असेल तर विस्थापन येतं जेमतेम १.३ मायक्रॉन. दात इतका रुतला की पुढची जोडी वेळेआधीच टोकावर आपटते, आणि आपण दोष सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) देतो. मी घातांक १.१ च्या पुढे नेत नाही; दाते एका रेषेवर टेकतात आणि असा कॉन्टॅक्ट जवळजवळ सरळ प्रमाणातच वागतो.

दुसरी चूक दाताच्या पृष्ठभागाची. एका गिअरबॉक्सच्या मॉडेलमध्ये मेश फ्रिक्वेन्सीच्या (दर सेकंदाला दाताच्या जितक्या जोड्या जुळतात त्या आकड्याच्या) वरच्या पटीत एक ठसठशीत शिखर येत होतं. बेअरिंगचा स्टिफनेस बदलून झाला, मग प्रोफाइल शिफ्ट (दाताचा आकार आत-बाहेर सरकवणं) बदलायची चर्चा रंगली. दाताची बाजू किती सपाट तुकड्यांनी बनली आहे, हे कुणी पाहिलंच नव्हतं. तुकडे दुप्पट करायला लावले, तर शिखर वर सरकलं. बेअरिंगला काय माहीत तुकडे किती आहेत ते! इनव्होल्यूटच्या (दाताच्या बाजूच्या खऱ्या वक्राच्या) जागी बहुकोन फिरत होता आणि प्रत्येक कोपरा ठोका देत होता. तेव्हापासून कुणीही मॉडेल आणलं की मी दोनच गोष्टी करायला सांगतो: वेग बदला, मग तुकडे बदला. वेग बदलूनही शिखर जागेवरच राहिलं तर ती सिस्टिमची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी. तुकड्यांबरोबर हललं तर भूमिती सुधारा. जमेल तिथे खरा इनव्होल्यूट वापरा. 'रन लवकर संपतो' म्हणून जाड तुकडे ठेवणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

बाकीचं पटकन. २० दात्यांचा पिनियन १५०० आरपीएमने फिरत असेल तर मेश फ्रिक्वेन्सी ५०० हर्ट्झ, म्हणजे दात जुळण्याचा एक फेरा २ मिलिसेकंदांचा. त्यात सॉल्व्हरची निदान ४० पावलं हवीत. टॉर्क पहिल्याच क्षणी पूर्ण लावू नका, चढवत न्या. सुरुवातीलाच दात एकमेकांत घुसलेले असतील तर पिनियन अर्धा पिच, म्हणजे इथे ९ अंश, फिरवून पाहा. सेंटर डिस्टन्स (दोन गिअरच्या केंद्रांमधलं अंतर) कॅडमधून 'साधारण ६०' असा घेऊ नका.

'वेगाचं गुणोत्तर बरोबर येतंय, मग मॉडेल बरोबरच' हे ऐकून कान किटले. दाते मोजले तरी गुणोत्तर मिळतं. सरासरी फोर्स टॉर्क भागिले बेस त्रिज्या येतो का, ते तपासा.

आणि लोड अगदी हलका असेल तर बॅकलॅशमध्ये (दातांमधल्या मोकळ्या फटीत) दाते खरोखरच सुटतात आणि आपटतात. तो खडखडाट खऱ्या गिअरबॉक्समध्येही ऐकू येतो, त्याला डॅम्पिंगने दाबू नका.