मैत्रिणींची बॅचलरेट सहल: आधी पैसे, मग बेत

लग्नाआधी नवरीला घेऊन काढलेली आठ-दहा जणींची सहल फिसकटते ती बहुतेक वेळा पैशांवरून. तारीख ठरली की प्रत्येकीला तिचं बजेट वेगळं विचारा, ग्रुपवर नको. तिथे सगळ्याच ‘चालेल’ म्हणतात. नवरीचा खर्च बाकीच्यांत वाटायचा असेल तर तेही तेव्हाच सांगून टाका. राहण्याची जागा बुक करण्याआधी आगाऊ रक्कम गोळा करा, कारण ऐनवेळी एक गळाली की तिचा वाटा इतरांवर पडतो. जागा बघताना चार जणींमागे एक बाथरूम हवंच.

तिकिटाचं ठिकाण दिवसाला एकच, बाकी नुसतं भटकणं. रात्रीच्या जेवणाचं टेबल लवकरचं घ्या. मोठ्या ग्रुपला गर्दीच्या वेळी एकत्र बसायला मिळणं कठीण. बुक करतानाच विचारा: ठरावीक मेनू घ्यावा लागतो का, बिल वेगवेगळं करून देतात का, दोघी कमी आल्या तर पैसे कापतात का. जेवणानंतर नाचायला जायचा क्लब तिथून चालत जाण्याइतका जवळ असू द्या. दहा जणींना तीन गाड्या लागतात, आणि तिसरी हमखास रस्ता चुकते! परतीची गाडी मात्र आधीच सांगून ठेवा, मुक्कामाचा पत्ता प्रत्येकीच्या फोनमध्ये हवा. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत काहीही ठरवू नका.