स्प्रिंगस्टीनची मागे राहिलेली गाणी कशी शोधाल

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचे गाजलेले अल्बम पाठ झाले असतील, तर आता रेकॉर्ड उलटी करा. खरंच उलटी. १९८४ च्या ‘डान्सिंग इन द डार्क’च्या मागे ‘पिंक कॅडिलॅक’ होतं आणि ‘बॉर्न इन द यूएसए’च्या मागे ‘शट आउट द लाइट’. व्हिएतनामहून परतलेला सैनिक, सोबत व्हायोलिन, आणि दिवा मालवू नकोस म्हणून केलेली विनवणी. मला तरी हे गाणं पुढच्या बाजूपेक्षा जास्त भिडतं.

तेव्हा आधी सिंगल्सची, म्हणजे एकेका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्ड्सची, यादी काढा आणि प्रत्येकाची बी-साइड, म्हणजे मागची बाजू, तपासा. मग अशा बी-साइड्सचा आणि अप्रकाशित गाण्यांचा १९९८ चा ‘ट्रॅक्स’ हा संच घ्या: चार सीड्या, ६६ गाणी. सलग ऐकायच्या भानगडीत पडू नका, डोकं उठेल.

पुढच्याच वर्षीचा ‘एटीन ट्रॅक्स’ म्हणजे त्यातलीच निवडक गाणी असं वाटून बरेच जण सोडून देतात. सोडू नका! ‘द प्रॉमिस’, ‘द फीव्हर’ आणि ‘ट्रबल रिव्हर’ ही तीन गाणी मूळ संचात नाहीतच. ‘द प्रॉमिस’ नुसत्या पियानोवर आहे. हेडफोन लावूनच ऐका.

एवढ्यानं भागलं नाही, तर २०२५ चा ‘ट्रॅक्स टू’ आहेच, सात अख्खे अल्बम.