मेसेज पुसू नका, १९०९ ला कळवा

देवगडजवळच्या आमच्या वाडीत रेंज नाही. संध्याकाळी सड्यावर चढलं की खिशात टुणटुण सुरू होते: कर्ज, रमी, प्लॉट, पुन्हा कर्ज. एप्रिलात आंब्याच्या पेट्यांचे पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज त्या ढिगातून उपसून काढावा लागतो.

आधी १९०९ वर, म्हणजे नको असलेल्या जाहिराती थांबवायच्या नंबरवर, एसएमएस करा. इंग्रजीत ‘स्टार्ट’, एक जागा सोडून शून्य, बस्स. जाहिराती थांबतात, ओटीपी आणि बँकेचे मेसेज येत राहतात. काही विषयांच्या जाहिराती हव्याच असतील तर दूरसंचार नियामक ट्रायचं डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) ॲप बरं.

मग पाठवणाऱ्याच्या नावाचं शेपूट बघा. शेवटच्या आडव्या रेघेपुढे पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. आमची नजर आता टी-एसवरच जाते.

तरीही जाहिरात आली तर सात दिवसांच्या आत १९०९ वरच तक्रार करा: मेसेजचा मजकूर, पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर, तारीख, मध्ये स्वल्पविराम. पूर्वी तीनच दिवस मिळायचे. ट्रायच्या २०१८ च्या नियमांत २०२५ मध्ये बदल झाला. आता साध्या दहा आकडी नंबरवरून त्रास देणाऱ्याविरुद्ध डीएनडीत नाव नसलं तरी तक्रार चालते, आणि मोबाइल कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची असते.

अश्लील मेसेजची गोष्ट वेगळी. शेजारच्या काकींनी एकदा फोन पुढे केला, “ह्यां काय इलां, बघ रे!” आणि लगेच, “पुसून टाक आधी.” तेवढं मात्र करू नका. उत्तर देऊ नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. ‘बघा हा कोण’ म्हणून गावच्या ग्रुपवरही टाकू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर पाठवणाऱ्याला लागतं, आणि पुढे ढकलणाराही पाठवणाराच. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक दृश्यं असतील तर ६७ अ, पाच वर्षं आणि दहा लाखांपर्यंत.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. चौकीची पायरी चढायला काकी तयार नव्हत्या. पोर्टलवर महिला आणि मुलांच्या विभागात नाव न देताही कळवता येतं, हे ऐकल्यावर चष्मा शोधायला लागल्या. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन.

व्हॉट्सॲपवर डीएनडी चालत नाही. तिथे ‘रिपोर्ट’ करून ब्लॉक करायचं, पण स्क्रीनशॉट त्याआधी.