थेरपी निवडण्याआधी एक वही काढा

मुलाला ऑटिझम (संवाद साधण्याची आणि आवाज, स्पर्श, बदल अनुभवण्याची पद्धत वेगळी असणं) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी थांबणं अवघड जाणं) आहे असं कळलं किंवा तशी शंका आली की घरातले सगळे थेरपी सेंटरं शोधायला लागतात. ती धावपळ दोन आठवडे थांबवा आणि एक वही काढा.

१. रोज चार ओळी लिहा. मूल कशाने बिथरलं, त्याआधी काय झालं होतं, कशाने शांत झालं, कशात रमलं. ‘हट्ट केला’ असं लिहून कुणालाच काही कळत नाही. ‘मिक्सर लागला, कान झाकले, पलंगाखाली गेला’ असं लिहा. थेरपिस्टला तासाभरात दिसणार नाही ते या ओळींत दिसतं.

२. मूल उशिरा बोलत असेल तर आधी कानांची तपासणी करून घ्या. निदानासाठी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तारीख लांबची मिळाली तरी स्पीच थेरपी तोवर अडवून ठेवायचं कारण नाही.

३. अडचण कोणती, त्यावरून माणूस ठरवा. कपड्यांची शिवण टोचते, आवाज सोसत नाही, बटण लावता येत नाही, यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. संवादासाठी स्पीच थेरपिस्ट. चित्रांची कार्डं किंवा बोलणारा टॅब्लेट हाती दिला तर मूल बोलायचंच थांबेल, ही भीती अनेक पालकांना असते. संशोधनात तसं आढळलेलं नाही. काही मुलं उलट जास्त बोलू लागतात. सहा वर्षांखालच्या एडीएचडी असलेल्या मुलांसाठी अमेरिकन बालरोग अकादमीने २०१९ साली औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण सुचवलं आहे. म्हणजे पहिला विद्यार्थी आपणच.

४. पहिल्या भेटीत हे विचारा: ‘तुमचं ध्येय काय?’, ‘मूल नको म्हणालं तर तुम्ही काय करता?’, ‘मला आत बसता येईल का?’ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न दुसरा. ‘रडू दे, सवय होईल’ असं उत्तर आलं तर उठून या. वागणूक बदलण्याच्या थेरपीत १९८७च्या एका गाजलेल्या अभ्यासापासून आठवड्याला ४० तासांचा आकडा फिरतो आहे. त्या अभ्यासात मुलांना शिक्षाही केली जात होती, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. पुढे मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक सांगतात, की जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावणं, हात हलवू न देणं त्यांना त्रासाचं होतं. हात हलवून मूल स्वतःला सावरत असेल तर ते बंद पाडून कुणाचं भलं होतं? त्याला ‘मला थांबायचंय’ हे सांगता येणं, शौचाला जाता येणं, झोप लागणं, ही खरी ध्येयं.

‘पूर्ण बरं करू’ अशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहा. शरीरातले धातू काढण्याचा कीलेशनसारखा उपचार ऑटिझमवर उपयोगी नाही आणि जिवावर बेतू शकतो.

५. घरी दिवसाचा क्रम चित्रांत भिंतीवर लावा. बदल होणार असेल तर आधी सांगा. सूचना एका वेळी एकच, आणि ती दिल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा दिली की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचं रडणं-ओरडणं अनावर होणं, हा हट्ट नव्हे, त्या क्षणी मुलाचा स्वतःवर ताबाच नसतो. दिवे मंद करा, बघ्यांना दूर करा, जवळ बसा, गप्प राहा. समजावणं, शिकवणं नंतर.

६. पालकांपैकी एकाने आठवड्यातला एक तरी वेळ पूर्ण मोकळा ठेवावा, मग दुसऱ्याने. एकट्याने मूल वाढवत असाल तर ही मदत नातेवाइकांकडे स्पष्ट शब्दांत मागा.

७. तीन महिन्यांनी वही उघडा. पहिल्या पानांवर आणि आताच्या पानांवर काय बदललं ते थेरपिस्टसमोर बसून वाचा. थेरपीच्या दिवशी सकाळपासून पोट दुखतं, रात्री झोप उडते, असं पानापानांवर दिसत असेल तर तास कमी करा किंवा थेरपिस्ट बदला.