रविवारच्या गाडीसहलीत गाडीपलीकडच्या गप्पांना जागा कशी द्यावी

गाडीची आवड असलेली माणसे रविवारी सकाळी एकत्र आली, की पहिला तासभर इंजिन, टायर, सस्पेन्शन आणि इंधन यांवरच बोलणे होते, आणि ते व्हायलाही हवे. मात्र असा गट वर्षानुवर्षे टिकतो तो त्यानंतरच्या बोलण्यामुळे. कोणाच्या मुलीची दहावी असते, कोणाच्या गावच्या विहिरीने तळ गाठलेला असतो, कोणाच्या वडिलांना मोतीबिंदूसाठी चांगला डॉक्टर हवा असतो. सभासदांना एकमेकांच्या गाडीचा नंबर पाठ आहे, पण घरी कोण कोण असते हे ठाऊक नाही, अशा अवस्थेतले गट विस्कटताना मी पाहिले आहेत. अवांतर गप्पा आपोआप रंगतात असे आपण धरून चालतो. चार मित्रांत ते खरे असले, तरी आठ-दहा गाड्यांच्या सहलीत त्यांच्यासाठी वेळ, जागा आणि थोडी शिस्त आधीच ठरवावी लागते. ती कशी ठरवावी, हे पुण्याहून वाई आणि मेणवलीला जाणाऱ्या एका सकाळच्या सहलीच्या आधाराने येथे मांडतो.

मार्ग निवडताना आधी थांबण्याची जागा पाहावी आणि मग रस्ता. गाडी चालवण्याचा आनंद घेणाऱ्यांना घाट हवा असतो, वळणे हवी असतात, आणि म्हणून अनेक सहली ताम्हिणी किंवा वरंधा घाटाकडे वळतात. तेथे दरीच्या कडेला गाड्या लावून गप्पा मारत उभे राहण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला धोकादायक वाटते. वळणावर उभ्या असलेल्या गाड्यांमुळे समोरून येणारी एसटी ऐन वेळी दिसते, लहान मुले दोन गाड्यांच्या मधून रस्त्यावर येतात, आणि सगळ्यांचे अर्धे लक्ष रस्त्याकडे असल्यामुळे बोलणेही तुटक राहते. वाईचा मार्ग या दृष्टीने चांगला आहे. पुण्यापासून अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. शिरवळजवळ नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरल्यावर खंबाटकी घाटाची वळणे मिळतात, सुरूर फाट्यावरून महामार्ग सोडता येतो, आणि वाईत पोहोचल्यावर नदीकाठ, देऊळ, वाडा असे बसण्या-बोलण्याचे आधार हाताशी असतात.

गाड्यांची संख्या दहाच्या पुढे जाऊ देऊ नये. दहा गाड्या म्हणजे कुटुंबांसह पंचवीस-तीस माणसे झाली, आणि त्याहून मोठा जमाव एका ठिकाणी बसून बोलू शकत नाही. त्याची आपसूक टोळकी पडतात, आणि नवा माणूस कोणत्याच टोळक्यात सामावत नाही. नोंदणी अधिक झाली, तर दोन वेगळ्या रविवारी दोन सहली काढाव्यात. निघण्याची वेळ पहाटे साडेपाचची ठेवावी. त्या वेळी महामार्गावर तुलनेने कमी गर्दी असते, आणि आठच्या सुमारास वाईत पोहोचल्यामुळे न्याहारीनंतर दीड-दोन तास मोकळे राहतात. हा मोकळा वेळ वेळापत्रकात लिहून ठेवावा. लिहिला नाही, तर कोणीतरी त्यात पाचगणीची चढण बसवतो, मग महाबळेश्वर जोडले जाते, आणि दिवसभर गाड्याच चालत राहतात.

निघण्यापूर्वीच्या तयारीबद्दल येथे फार लिहीत नाही, कारण गाडीप्रेमींना ती सांगावी लागत नाही. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासावी, फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवावी आणि पीयूसीची मुदत पाहावी. चालत्या ताफ्यातल्या बोलण्याविषयीचा नियम मात्र स्पष्ट सांगून ठेवावा. चाके फिरत असताना एका गाडीतून दुसऱ्या गाडीशी फक्त रस्त्याविषयी बोलायचे, म्हणजे पुढे खड्डा आहे, ट्रक वळतो आहे, एक गाडी मागे राहिली आहे, एवढेच. वॉकीटॉकी असल्यास तो शेजारच्या आसनावरील व्यक्तीच्या हातात असावा, आणि चालकाने मोबाइल हातात घेऊ नये. त्यासाठी मोटार वाहन कायद्यात शिक्षा आहे, आणि कायदा नसता तरी घाटात चालकाचे लक्ष विभागणे चूकच ठरले असते.

आता गप्पांच्या मुख्य भागाकडे येतो. पोहोचल्यावर सगळे एकदम जेवणाच्या टेबलाकडे गेले, की इंजिनाचा विषयही टेबलावर जातो आणि उठेपर्यंत सुटत नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा जुन्या गाडीवर परिणाम होतो का, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेताना काय अडचण आली, बीएस-६ या प्रदूषण-निकषाच्या डिझेल गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर शहरातल्या संथ वाहतुकीत का तुंबतो, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, आणि त्यांना टाळून चालणार नाही. म्हणून त्यांना त्यांची स्वतंत्र जागा द्यावी. गाड्या लावल्यावर पहिला अर्धा तास वाहनतळावरच थांबावे, ज्यांना बॉनेट उघडायचे त्यांनी उघडावे, ज्यांना शंका आहेत त्यांनी त्या विचाराव्यात, आणि अर्ध्या तासाने बॉनेट बंद करून सगळ्यांनी न्याहारीला बसावे. टेबलावर तांत्रिक प्रश्न निघालाच, तर जाणकाराने त्याचे उत्तर दोन वाक्यांत द्यावे आणि बाकीचे परतीपूर्वी गाडीपाशी दाखवतो असे सांगावे. या विभागणीचा मोठा लाभ सोबत आलेल्या कुटुंबीयांना होतो. टर्बोचार्जरमध्ये रस नसलेली पत्नी, पती, आई किंवा मुले तासभर नुसती ऐकत बसली, तर पुढच्या सहलीला ती येत नाहीत, आणि काही महिन्यांनी गाडीचा मालकही येईनासा होतो.

बसण्याची रचना आधी विचार करून करावी. शक्य असल्यास टेबले जोडून घ्यावीत, जुन्या मित्रांनी एकमेकांशेजारी न बसता प्रत्येकाने एका नव्या सभासदाशेजारी बसावे, आणि ज्येष्ठांना मध्यभागी जागा द्यावी, म्हणजे त्यांना ऐकू येईल आणि त्यांचे बोलणे सगळ्यांपर्यंत पोहोचेल. संबोधनाबाबत पहिल्या भेटीत सर्वांना अहो-जाहो करणे सोयीचे ठरते. तेविशीतला मुलगा साठीच्या सभासदाला काका म्हणेल, हे स्वाभाविक आहे. समवयस्कांनी मात्र समोरच्याने आपणहून अरे-तुरे सुरू करेपर्यंत थांबावे. एखादी स्त्री स्वतः गाडी चालवत आली असेल, तर तिला ‘तुम्ही एवढ्या लांब स्वतः चालवत आलात?’ असे आश्चर्याने विचारू नये. घाट कसा वाटला, हे इतरांना जसे विचारतो तसेच तिलाही विचारावे.

संवादाची सुरुवात कशी करावी, हा बहुतेकांना अवघड वाटणारा भाग आहे, कारण अनोळखी माणसाला थेट घरचे विचारणे आपल्याकडे आगाऊपणाचे समजले जाते. माझ्या अनुभवात एक प्रश्न कधी वाया गेला नाही: तुमच्या घरातली पहिली गाडी कोणती होती? हा प्रश्न गाडीचाच असल्यामुळे कोणाला खटकत नाही, आणि उत्तर मात्र घरातच नेऊन पोहोचवते. कोणी आकुर्डीच्या कारखान्यातल्या बजाज चेतकसाठी वडिलांनी नोंदणी करून काढलेली वर्षे सांगतो. कोणाच्या मामांकडे कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली पद्मिनी असते, आणि मग मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा विषय निघतो, ज्या ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या चाव्या दिल्या गेल्या, त्या काळात मध्यमवर्गीय घरात मोटार येणे म्हणजे काय होते, हे सांगायला साठीतले सभासद उत्सुक असतात आणि तिशीतल्यांना ते खरोखर ऐकायचे असते. पिंपरीत तयार झालेल्या टाटा इंडिकाच्या मागच्या आसनावर ज्यांचे बालपण गेले, तेही आता स्वतःच्या मुलांना घेऊन सहलीला येतात. एकाने सांगितले की दुसऱ्याला आपले आठवते, आणि पहिल्या गाडीवरून आजोळ, बदल्या, लग्नाची वरात, गणपतीला कोकणात जाताना लागलेला रात्रभराचा वेळ, असे बोलणे वाढत जाते. आयोजकाने त्यात फार बोलू नये. जो अजून काही बोललेला नाही, त्याच्याकडे हा प्रश्न नेऊन द्यावा, एवढेच त्याचे काम आहे.

काही प्रश्न मात्र कटाक्षाने टाळावेत. गाडी कितीला पडली, हप्ता किती जातो, पगार किती आहे, हे पहिल्या-दुसऱ्या भेटीत विचारू नये. मूळ गाव विचारण्यात काही वावगे नाही, परंतु आडनावावरून पुढे पुढे जाऊन जात शोधण्याकडे वळणारी विचारपूस तात्काळ थांबवावी. ती ज्याला सहन करावी लागते, तो त्याबद्दल कधीच तक्रार करत नाही, फक्त पुन्हा येत नाही. निवडणुकीचे राजकारण आणि अमुक कंपनीची गाडी घेणारे लोक कसे असतात, या प्रकारची शेरेबाजी, या दोन विषयांवर जुन्या मैत्र्याही तुटलेल्या आहेत. वाद पेटू लागला, तर आयोजकाने कोण बरोबर हे ठरवत बसू नये. ‘हे तुम्ही दोघे नंतर निवांत बोला, आत्ता आपण नदीवर जाऊ या,’ असे म्हणून सगळ्यांना उठवावे. जागा बदलली की विषय बदलतो, म्हणून न्याहारीनंतर चालत जाण्याजोगे एखादे ठिकाण सहलीत असणे फार उपयोगाचे आहे.

वाई आणि मेणवलीत अशी ठिकाणे भरपूर आहेत. वाईत कृष्णेच्या काठी ढोल्या गणपतीचे मंदिर आहे. मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून चालले, आणि त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाने वाई महाराष्ट्रभर ओळखली गेली. तेथून जवळच मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीचा घाट आहे, आणि घाटावरच्या देवळापाशी टांगलेली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर तेथील पोर्तुगीज चर्चमधून आलेली आहे. चर्चची घंटा कृष्णाकाठी कशी आली, ती वसईहून घाट चढवून कशी आणली असेल, किती बैल लागले असतील, यावर मुले आणि मोठे सारख्याच उत्साहाने बोलतात, आणि गाडीप्रेमींना तर वजन, चढण आणि चाक हा त्यांच्या आवडीचाच हिशोब मिळतो. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा लहान मुलांचा हात धरूनच खाली उतरावे, आणि नदीला पाणी चढलेले असल्यास वरूनच पाहावे.

दोन-तीन सहलींनंतर लोक अडचणींविषयी बोलू लागतात. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाच्या घरी दीर्घ आजारपण असते. असे बोलणे निघाले, की लगेच उपाय सुचवण्याची घाई करू नये. आधी पूर्ण ऐकून घ्यावे, आणि मदत हवी आहे की नुसते सांगायचे आहे, हे त्या व्यक्तीलाच विचारावे. रक्तदाता, चांगला वकील, वसतिगृहाची माहिती, अशी मदत गटातून सहज मिळते. पैशांची मदत मात्र टेबलावर सर्वांसमोर गोळा करू नये. देणाऱ्याला नाही म्हणणे कठीण जाते आणि घेणाऱ्याला संकोच वाटतो, त्यामुळे ज्याला द्यायचे असेल त्याने ते खासगीत द्यावे. तेथे ऐकलेले दुसरीकडे सांगू नये, आणि छायाचित्रे इतरत्र टाकण्यापूर्वी माणसांची परवानगी घ्यावी व नंबरप्लेट झाकावी.

मद्याचा प्रश्न कधीतरी निघतोच, विशेषतः सहल मुक्कामाची झाली तर. दिवसाच्या सहलीत मद्य अजिबात नसावे. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा आहे, परंतु गटाने त्याहून कडक नियम पाळावा आणि जो गाडी चालवणार आहे त्याने एक थेंबही घेऊ नये. हा नियम निमंत्रणातच लिहिला, की जागेवर कोणाला अडवण्याची वेळ येत नाही.

परतीच्या प्रवासात एक गोष्ट आवर्जून करावी. ज्यांची तयारी असेल त्यांनी प्रवासी बदलावेत, म्हणजे एका गाडीतले काका दुसऱ्या गाडीत, कॉलेजातली मुले तिसऱ्या गाडीत. टेबलावर संकोचून बसलेला माणूस गाडीत, समोर रस्ता असताना आणि कोणाच्या डोळ्यांत पाहावे लागत नसताना, अधिक मोकळेपणाने बोलतो, असे मला वारंवार दिसले आहे. अर्थात वळणे आली की शेजारच्याने गप्पा थांबवाव्यात, आणि सरळ रस्ता लागल्यावर त्या पुन्हा सुरू कराव्यात. लहान मुले मात्र आपापल्या आई-वडिलांबरोबरच राहू द्यावीत.

न्याहारीचे पैसे उठण्यापूर्वीच समान वाटून द्यावेत, आणि ज्या विद्यार्थ्याला ते जड जातील त्याचा वाटा आयोजकाने गाजावाजा न करता भरावा. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडल्यावर गाड्या वेगवेगळ्या दिशांना फुटतात, म्हणून पुढच्या सहलीचा रविवार वाईतच ठरवून टाकावा. घरी पोहोचल्याचा निरोप प्रत्येकाने द्यावा, आणि शेवटची गाडी पोहोचेपर्यंत आयोजकाने फोन जवळ ठेवावा. सकाळी जे जे कानावर पडले, कोणाची परीक्षा, कोणाची मुलाखत, कोणाच्या वडिलांची तपासणी, ते त्याच संध्याकाळी वहीत टिपून ठेवावे आणि त्या तारखेला एक फोन करावा.