ओम्नीचा गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे तपासा

सिग्नलला उभे आहात, क्लच पूर्ण दाबलाय तरी पहिला पडत नाही, जोर लावला की खर्रर्र आवाज आणि मागून हॉर्न सुरू. जुनी ओम्नी चालवणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी झालंय. गॅरेजला नेली की पहिलं वाक्य "गिअरबॉक्स उतरवावा लागेल". माझ्या गाडीला पण हेच सांगितलं होतं, आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली आणि रविवारी सकाळी सतरंजी टाकून खाली शिरलो, तर क्लच केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला सात-आठ तारा तुटून झाडूच्या काड्यांसारख्या बाहेर आलेल्या, एक तर बोटातच घुसली. केबल बदलली, नट ॲडजस्ट केला, गिअर आधीसारखे पडायला लागले. म्हणून कळकळीनं सांगतोय, आधी अर्धा तास स्वतः तपासा.

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट फुकट आहे. इंजिन बंद ठेवा, क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाका. बंद गाडीत सगळे नीट पडतात आणि चालू केल्यावरच अडतात, तर दोष बहुतेक क्लचकडे आहे, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये, इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये. बंद गाडीतही लिव्हर अडकतो किंवा गिअर सापडतच नाही, तर लिंकेज (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारे रॉड) किंवा गिअरबॉक्सच्या आतलं काहीतरी. (कधीकधी दात समोरासमोर येऊन बंद गाडीत गिअर पडत नाही, तेव्हा गाडी थोडी पुढेमागे ढकलून परत बघा.)

आता इंजिन चालू करून रिव्हर्सची टेस्ट. आयडलवर, म्हणजे रेस न देता, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी रिंग) नसतो, त्यामुळे एवढं थांबूनही खरखर आली तर आतला शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच सोडत नाहीये. गिअरबॉक्सला दोष द्यायची घाई करू नका.

आता केबल. ओम्नीचा क्लच हायड्रॉलिक नाही, साध्या केबलवर चालतो आणि इथंच लोकांचा गोंधळ होतो. पेडल हातानं हळू दाबून बघा, सुरुवातीला जो मोकळा खेळ लागतो तो फ्री प्ले, अंदाजे दोन-अडीच सेंटिमीटर असावा, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. केबल वापरून ताणून लांबली की हा खेळ वाढतो, मग पेडल तळाला टेकलं तरी क्लच सुटत नाही आणि गिअर खरखरतात. उलट क्लच प्लेट झिजली की खेळ कमी होत होत संपतो आणि क्लच घसरायला लागतो. म्हणजे एकाच पेडलवर दोन उलटे आजार, आणि गिअर अडतात म्हणून नट आवळतच गेलात तर गाडी चढावर ओढणार नाही, प्लेट जळेल. नट गिअरबॉक्सकडच्या क्लच आर्मपाशी असतो, थोडा थोडा फिरवा आणि दर वेळी पेडल बघा. पेडल जड वाटत असेल, दाबताना करकरत असेल तर केबल आतून गंजलीय, तेल सोडून दोन दिवस बरं वाटेल पण बदलाच, स्वस्त पार्ट आहे. आणि हो, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही, स्टँड लावा, चाकांना दगड लावा.

क्लच घसरतोय का ते रस्त्यावर कळतं. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला चौथा टाका आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, इंजिनचा आवाज चढतो पण गाडी तशीच राहते, वर जळका वास, तर घसरतोय. आधी फ्री प्ले बघा, तो बरोबर असूनही घसरत असेल तर प्लेट संपली किंवा तिच्यावर तेल आलंय. घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर प्लेट लवकर जाते. सोडताना गाडी थरथरत असेल तर प्लेटवरचं तेल आणि इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग (ज्या रबरी आधारांवर ते बसवलेले असतात) दोन्ही बघा.

आवाजावरूनही बरंच कळतं. पेडल दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. न्यूट्रलला येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग.

बंद गाडीतही अडत असेल तर लिंकेज बघा. लिव्हर पुढे, गिअरबॉक्स मागे, मधलं सगळं लिंकेज खालून चिखल-पाणी खातं. एकानं लिव्हर हलवायचा, दुसऱ्यानं खालून बघायचं, लिव्हर हलतो आणि पुढचा रॉड उशिरा हलतो तर बुश (रॉडच्या जोडांमधल्या छोट्या कड्या) गेले. फक्त दुसराच खरखरतो आणि बाकी नीट, तर त्या गिअरचा सिंक्रो झिजलाय. डबल क्लच करून बघा, वरच्या गिअरवरून खाली येताना न्यूट्रलला क्लच सोडून जरा रेस द्या आणि परत दाबून टाका, तसं गुपचूप पडला तर सिंक्रोच. गिअर आपोआप सटकत असेल तर मात्र आधी माउंटिंग आणि लिंकेज, मग आतलं.

गिअर ऑइल विसरू नका. आधी भरायचा प्लग उघडतो का बघा, मगच तेल सोडायचा खालचा प्लग काढा, नाहीतर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. जीएल-४ ग्रेडचंच घाला, काही जीएल-५ तेलं पितळी सिंक्रो रिंगला त्रास देतात.

पावसाळाभर उभ्या गाडीला एकदम कुठलाच गिअर पडत नसेल तर बहुतेक प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकाचं जड चाक) चिकटलीय. इंजिन गरम करून बंद करा, मोकळ्या मैदानात, पुढे कोणी नसताना दुसरा टाकून क्लच दाबून स्टार्टर मारा, गाडी झटका मारून पुढे जाईल, क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर देत-सोडत राहा, बऱ्याचदा प्लेट सुटते. ब्रेकवर पाय तयार ठेवा.

हे सगळं करूनही गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, क्रँकचं मागचं ऑइल सील पण, कारण मजुरी तीच लागते. जुने पार्ट परत मागून घ्या आणि प्लेटचे रिव्हेट वर आलेत का ते स्वतः बोट फिरवून बघा.