बार्टन झऱ्यांतले दोन सॅलमँडर कसे ओळखायचे

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, झिल्कर पार्कातल्या बार्टन झऱ्यांमध्ये दोन जवळचे नातलग राहतात: बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर आणि ऑस्टिन ब्लाइंड सॅलमँडर. पहिला 1997 साली, दुसरा 2013 साली संकटग्रस्त यादीत आला. दिसायला पालीसारखे, पण हे उभयचर. दोघांनाही फुप्फुसं नाहीत आणि लाल कल्ल्यांचे तुरे दोघांनाही जन्मभर असतात, तेव्हा कल्ले पाहून काहीच ठरत नाही.

सुरुवात डोळ्यांपासून करा. बार्टनचे डोळे लहान पण खरे, भिंगासह. ब्लाइंडला त्वचेखाली नुसता गडद ठिपका असतो. धूसर फोटोत हा ठिपकाही डोळ्यासारखा भासतो, म्हणून डोकं नीट फोकसमध्ये असलेला फोटोच धरा.

शंका राहिली तर कुशीवरच्या उभ्या खाचा मोजा, पुढच्या पायाच्या बगलेपासून मागच्या पायाच्या जांघेपर्यंत. ब्लाइंडला 12, बार्टनला 13 ते 16. इथे एका खाचेची चूक जात बदलते. अंग वाकलेलं असेल तर आतल्या बाजूच्या खाचा एकमेकींवर चढतात आणि एखादी सुटते. सरळ पोहणाऱ्या प्राण्याचा फोटो निवडा, दोन्ही कुशी मोजा, आकडे जुळले नाहीत तर निर्णय देऊ नका.

रंग शेवटी. ब्लाइंड मोतिया पांढरा ते फिकट जांभळा, अंगावर चमक. बार्टन तपकिरी, जांभळट, पिवळट, कसाही, त्यावर मीठ-मिऱ्यासारखे ठिपके आणि शेपटीच्या वर अरुंद नारिंगी-पिवळी रेघ. फिकट बार्टनला नवखे हमखास ब्लाइंड म्हणतात, कारण ते रंगावरच थांबतात.

जागाही मदत करते. बार्टन सॅलमँडर झऱ्याच्या तोंडाशी दगड-गोट्यांखाली वावरतो. ब्लाइंड भूगर्भातल्या जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरात, राहतो आणि प्रवाहासोबत वर येतो तेव्हाच दिसतो. मुख्य झरा, एलायझा आणि ओल्ड मिल या तीन झऱ्यांत दोघेही सापडतात. वरचा बार्टन झरा मात्र पाणी घटलं की आटतो आणि तिथे ब्लाइंडची नोंद नाही.

निरखताना दगड उलटू नका. परत ठेवताना खालचा प्राणी चिरडतो. सरकारी परवान्याशिवाय हात लावणं, पकडणं हा गुन्हा आहे. पाण्याबाहेरून किंवा काठावरून घेतलेल्या फोटोवरच काम भागवा.